उंदीरमामांना दिवस गेले

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मला दिवस गेले होते.

हे ऐकलं की समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडे बघतो, मग तोंडाकडे, आणि मग त्याला कुठेतरी जायचं असल्याचं आठवतं. दोष त्याचा नाही. थापा मारण्यात माझी हयात गेली. आमच्या उंदरांनी एकजुटीनं पिंजऱ्याची कडी काढली, आवारात फेरफटका मारला आणि परत येऊन कडी आतून लावून घेतली, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता त्यातलं फेरफटक्यापर्यंतचं मलाही खरं वाटतं. पण दिवस गेल्याचं तसं नाही. ते कागदावर आहे, आकड्यासकट, सहीशिक्क्यानिशी. आणि त्या आकड्यापायी एका सोमवारी सकाळी नऊ वाजता माझ्या अंगावर सुरी चालणार होती. तीही अशा जागी, की जिचं नाव काढलं तरी पुरुषमाणूस पाय जुळवून बसतो.

मी हॉर्मोनच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत उंदीरघर सांभाळायचो. तळमजल्यावर रोगी यायचे, मागच्या बाजूला लहानसा वॉर्ड आणि ऑपरेशनची खोली. कुणाच्या गळ्यातली ग्रंथी बुजलेल्या घोड्यासारखी उधळलेली, कुणाची रुसलेल्या बैलासारखी बसलेली. कुणी चार घास खाऊन फुगत चाललेलं, कुणी चाळीस खाऊन वाळत चाललेलं. पहिल्या मजल्यावर प्रयोगशाळा, तिथे त्यांच्या रक्तातली हॉर्मोन मोजायची. आणि सगळ्यात वर, पत्र्याखाली, मी आणि माझे अठराशे पांढरे उंदीर. वास वर जातो म्हणून उंदीरघर वर ठेवलं, असं इमारत बांधणाऱ्या इंजिनिअरचं म्हणणं. वासाला जिना उतरता येतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सव्वीस वर्षं मी पिंजऱ्यातला भुसा बदलला, पाण्याच्या बाटल्या उलट्या टांगल्या, पिल्लं आयांपासून वेगळी केली आणि रोजचे दोनचार चावे मुकाट्यानं खाल्ले. सगळे मला उंदीरमामा म्हणत. माझी मेव्हणीसुद्धा.

आमच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. उंचीनं त्या माझ्या खांद्याला लागायच्या, पण त्या आल्या की दारं आपोआप मोठी वाटायची. त्यांनी एक नवीन किट मागवलं होतं. एका थेंबात सात हॉर्मोन मोजणारं. पण रोगी माणूस किती रोगी आहे हे कळायला आधी निरोगी माणसाचा आकडा काय तो ठरवावा लागतो. त्यासाठी चाळीस निरोगी माणसं हवीत. एक कप चहा आणि बिस्किटांवर बाहेरचा कोण दंड पुढे करणार? म्हणून मग जुनी रीत, जी सगळ्याच प्रयोगशाळांत असते. आपल्याच माणसांना सांगायचं, बाही वर करा.

"बाई," मी म्हटलं, "या इमारतीतली माणसं निरोगी धरलीत तर जगात रोगी कुणी उरणार नाही."

"मामा, बाही," त्या म्हणाल्या.

नळीवर नाव घालत नाहीत, नंबर घालतात. माझा सतरा. कुठला नंबर कुणाचा, ती यादी मोठ्या बाईंच्या खणात, कुलपात.

चौथ्या दिवशी उंदीरघराच्या दारात पिपेट येऊन उभा राहिला. पिपेट म्हणजे आमचा तंत्रज्ञ. अंगानं काचेच्या नळीसारखा, म्हणून नाव ते. उंदरांना इतका भ्यायचा की वरचा जिना त्यानं आठ वर्षांत दोनदा चढला असेल. त्याला बघूनच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"मामा, रक्त तुम्हीच दिलंत ना?"

"नाही. माझ्या भावाला पाठवलं होतं."

"खरं सांगा."

"मला भाऊच नाही, हे खरं."

त्यानं जिन्यात खाली कुणी नाही ना ते बघितलं आणि आवाज उतरवला. "बाईंनी यादी काढून बघितली. सतरा नंबर तुमचा. त्यात गरोदरपणाचं हॉर्मोन निघालंय. दोनशे बारा. पुरुषात पाचच्या आत पाहिजे."

"कितवा लागलाय?" मी विचारलं.

तो हसला नाही. माणूस हसला नाही की समजावं, त्याचा आपल्यावर संशय आहे. पिपेटला वाटलं, मी गंमत म्हणून कुणाचं तरी रक्त माझ्या नळीत घातलं. मला वाटलं, यानं चिठ्ठ्या चिकटवताना घोळ केला आणि आता माझ्या गळ्यात मारतोय. मोठ्या बाईंना वाटलं, दोघांपैकी कुणीतरी एक खोटं बोलतंय, आणि बहुतेक दोघेही. काही असलं तरी एक गोष्ट सरळ होती. ते रक्त माझं नसेल तर इमारतीत एक बाई गरोदर आहे आणि ती ते लपवते आहे.

मग काय विचारता. आठवडाभर त्या इमारतीत कुणी कुणाकडे सरळ बघितलं नाही. एकीनं चहा नको म्हटलं की दुसरी डोळे बारीक करायची. कुणी जिना चढताना दम खाल्ला की तिघी जणी थांबून पायऱ्या मोजल्यासारखं करायच्या. एकीला दुपारी जांभई आली तर ती तोंडावर हात ठेवून खिडकीकडे गेली. शेवटी सगळ्यांचं बोट नोंदणीच्या खिडकीवरल्या मुलीकडे वळलं, कारण तिनं दोन दिवस रजा काढली होती. ती तडक वर आली.

"मामा, माझ्या नावावर काय खपवताय?"

"मी तर माझ्याच नावावर खपवून घेतोय, बाळ."

"पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. हे तिकडे सासूच्या कानावर गेलं ना, तर तुम्हाला तुमच्याच पिंजऱ्यात घालीन आणि बाटली टांगायला विसरेन."

तिचं म्हणणं रास्त होतं. मी मोठ्या बाईंकडे गेलो आणि म्हटलं, काय ते एकदाचं निस्तरा.

त्यांनी खोलीचं दार लावलं. स्वतः सुई टोचली, स्वतः नळी भरली, चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि नळी मुठीत धरून यंत्रापर्यंत चालत गेल्या. पिपेट दोन पावलं मागे हात वर करून, झडती द्यायला उभा असल्यासारखा. मला समोर स्टुलावर बसवलं. यंत्र तासभर कुरकुरलं आणि त्यातून कागद आला. दोनशे एकोणीस.

"वाढलंय की," मी म्हटलं. "बाळसं धरतंय."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. त्या सात आकडे वाढल्याचं कौतुक करत नव्हत्या. आता नळीवरचा संशय उठला होता आणि माझ्यावर येऊन बसला होता. माझ्यावर म्हणजे माझ्या शरीरावर.

"मामा, पुरुषात हे हॉर्मोन निघालं तर एक गाठ शोधायची असते," त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या. "आणि ती बहुतेक एकाच जागी असते."

मला जागा कळली. पाय आपोआप जुळले.

दुसऱ्या दिवशी तपासणी. थंडगार चिकट मलम, वर फिरणारं यंत्र, आणि पडद्याकडे बघणारे सर्जन. हे गृहस्थ बोलायला गोड, पण हातानं सारखं काहीतरी कापत असल्यासारखी बोटं हलवायचे. म्हणाले, "उजवीकडे ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी दिसतंय. किंवा सावली असेल."

"सावली असेल तर राहू द्या," मी म्हटलं.

"रक्तात आकडा आहे, मामा. आकडा हवेतून येत नाही. उजवं काढून टाकू, मग आत काय होतं ते निवांत बघू. डावं राहतंच."

चपलांच्या दुकानात एक पाय बिघडला तर असंच म्हणतात.

घरी येऊन बायकोला सांगितलं. आता आमच्या हिचं जरा सांगायला हवं, नाहीतर पुढचं पटणार नाही. ती बसडेपोत, विसरलेल्या वस्तूंच्या खिडकीवर. तेवीस वर्षं लोक तिच्यासमोर येऊन दुसऱ्याच्या छत्रीवर हक्क सांगतात. त्यामुळे माझी बायको कुणाचंच पहिलं वाक्य खरं धरत नाही. माझं तर दहावंही नाही.

"अहो, पुरे झालं," ती म्हणाली. "मागच्या खेपेला उंदीर तुम्हाला नमस्कार करत होते."

मी कागद पुढे केला. तिनं तो उजेडात धरला, तारीख बघितली, शिक्का बोटानं पुसून बघितला, सही दोनदा वाचली. मग माझ्याकडे बघितलं. खूप वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर मी भीती पाहिली, आणि मग माझीही मस्करी जिरली.

"सोमवारी?"

"नऊला."

तिनं ताटं उचलली, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. मग फडकं तसंच हातात धरून म्हणाली, "तुमच्या मोठ्या बाईंनी दोनदा रक्त बघितलं. दोन्ही वेळा त्याच यंत्रात?"

"त्याच."

"म्हणजे एकाच माणसाला तोच प्रश्न दोनदा विचारला. तो तेच उत्तर देणार. आमच्याकडे कुणी काळ्या छत्रीवर हक्क सांगितला तर मी त्याला रंग विचारत नाही. रंग तो सांगणारच. मी विचारते, मूठ कशी आहे, आणि कुठली काडी वाकलीय. ज्याची वस्तू असते त्याला ती सगळ्या बाजूंनी माहीत असते. बाकीच्यांना समोरून तेवढी पाठ असते." तिनं कागदावर बोट आपटलं. "हे हॉर्मोन आणखी कुठे सापडतं?"

"बायका पट्टीवर बघतात ना. लघवीत."

"मग त्यांनी लघवी का नाही विचारली?"

रक्त मोजायला एवढं महागामोलाचं यंत्र असताना कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडची पट्टी कोण आठवतो?

रविवारी सकाळी ती त्या औषधवाल्याकडे गेली. त्याला वाटलं, हिची थट्टा करायची ही संधी बरी आहे. "वहिनी, पेढे कधी?" तो म्हणाला.

"माझ्या नवऱ्यासाठी हवीय," ती म्हणाली. "तीन द्या."

औषधवाल्यानं तीन पट्ट्या मोजून पुढे सरकवल्या.

मी कप घेऊन न्हाणीघरात गेलो तर ही दारात. म्हणाली, "मी आत येते."

"अगं, एवढी पण खात्री नाही?"

"कपात नळाचं पाणी नाही कशावरून?"

तिच्या देखत सगळं झालं. पट्टी बुडवली. आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी त्या पट्टीवर वाकून बसलो, जसं तरुणपणी कधी बसायला मिळालं नाही. एक रेघ उमटली. दुसरीची वाट बघितली. आली नाही. दुसरी पट्टी बुडवली. पुन्हा एकच.

मी हुश्श केलं. ती नाही.

"ही पट्टी तरी खरी कशावरून? जुनी असेल. सगळ्यांनाच एक रेघ देत असेल." आणि तिसरी पट्टी घेऊन ती खालच्या मजल्यावर गेली. तिथल्या शेजारणीच्या सुनेला चौथा लागला होता. काय सांगून, काय समजावून तिनं ते जमवलं मला माहीत नाही, पण दहा मिनिटांत पट्टी घेऊन वर आली. दोन रेघा, ठसठशीत. मी कपाळाला हात लावला. असली उलटतपासणी करायला आमच्याकडे माणसं पाच-पाच वर्षं शिकतात आणि तरी विसरतात.

रविवारी संस्थेत शुकशुकाट असतो, म्हणूनच मोठ्या बाई त्या दिवशी हटकून येतात. संध्याकाळी मला वॉर्डात दाखल व्हायचंच होतं. आम्ही थोडे आधी गेलो. हिनं रुमाल सोडून तिन्ही पट्ट्या टेबलावर ओळीनं मांडल्या.

"या दोन यांच्या. ही खालच्या सुनेची."

मोठ्या बाईंची मान ताठ झाली. "आमचं यंत्र या पट्टीपेक्षा शंभरपट बारीक मोजतं."

"मोजत असेल. पण काय मोजतंय?"

त्या काहीतरी तोडून बोलणार होत्या. तोंड उघडलंही होतं. मग मिटलं. त्यांनी एक पट्टी उचलली, फिरवली, ठेवली. "रक्तात दोनशे," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आणि लघवीत काही नाही. खरं हॉर्मोन असतं तर मूत्रपिंडातून गळून खाली यायलाच हवं. म्हणजे रक्तात जे आहे ते गळत नाही. मोठं आहे." आणि एकदम माझ्याकडे वळल्या. "मामा, तुम्हाला आजवर किती उंदीर चावले असतील?"

"मोजले नाहीत, बाई. पण एकही राहिला असेल असं वाटत नाही."

त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. किटमध्ये दोन हात असतात. एक हात हॉर्मोन पकडतो, दुसरा येऊन त्याच हॉर्मोनला धरतो आणि दिवा लावतो. मधे हॉर्मोन असेल तरच दोन्ही जुळतात. जितके दिवे, तितका आकडा. हे हात म्हणजे अँटीबॉडी, आणि त्या तयार करतात उंदरांत. इकडे माझ्या रक्तानं सव्वीस वर्षं चावे खाऊन, भुशाची धूळ हुंगून, उंदराकडून आलेली कुठलीही चीज दिसली की धरायची असे पहारेकरी उभे केलेले. त्यांना किटमधले दोन्ही हात दिसले. म्हणाले, हे तर आपल्या ओळखीचे. एकाला इकडून धरलं, दुसऱ्याला तिकडून. मधे हॉर्मोन नाहीच. दिवे मात्र लागले.

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"हा माझा संशय आहे," मोठ्या बाई म्हणाल्या, "पुरावा नाही. तुमच्या रक्तात उंदराचं रक्तजल घालून पुन्हा मोजायचं. तुमचे पहारेकरी त्यातच गुंतून पडतील, किटकडे जाणार नाहीत. आकडा कोसळला तर तुम्ही सुटलात. नाही कोसळला तर गाठ आहे, आणि मग एक दिवसही दवडायचा नाही."

"मग मोजा की."

"कालच किट संपलं. नवा डबा कोठीत आहे, आणि कोठीची किल्ली कोठीवाल्याच्या घरी. उद्या आठला येईल तो." त्यांनी सर्जनना फोन लावला. लागला नाही. मग वॉर्डातल्या सिस्टरला निरोप दिला, की मला विचारल्याशिवाय यांना हलवायचं नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही मात्र दाखल व्हा. माझा संशय चुकला तर जागा हातची जायला नको."

मी दाखल झालो. रात्रीपासून उपाशी ठेवलं, पाठीमागे नाड्या असलेला तो झगा घातला.

सोमवारी आठला ही आली. पावणेनऊला ढकलगाडी आली, आणि तिच्याबरोबर दोन वॉर्डबॉय. जिला निरोप दिला होता ती सिस्टर ड्यूटी संपवून घरी गेली होती. नव्या सिस्टरच्या हातात यादी होती, आणि यादीत मी पहिला होतो.

"चला, मामा."

"ऑपरेशन थांबलंय," मी म्हटलं.

"कुणी थांबवलं?"

"मोठ्या बाईंनी. मला गाठ नाहीये. माझ्या रक्तात उंदीर आहेत."

थोरल्या वॉर्डबॉयनं धाकट्याकडे बघितलं. "परवा याच खाटेवरच्या माणसाच्या रक्तात विमान होतं," तो म्हणाला. "पाय उचला."

"अरे, मी खरं सांगतोय. किटमध्ये दोन हात असतात, उंदराचे..."

"मामा, तुमची ती उंदराला गाणं शिकवल्याची गोष्ट झकास होती. आम्ही घरी सांगतो. ही तेवढी जमली नाही."

सिस्टरनं यादीवर पेन टेकवलं. "निरोप लिहिलेला कुठे आहे?"

"लिहिलेला नाही. तोंडी आहे."

"तोंडी आमच्याकडे रोज वीस जणांचं थांबतं," ती म्हणाली. तिनंही बऱ्याच लोकांना खाटेवर घाबरताना बघितलं असणार.

हिनं मोठ्या बाईंना फोन लावला. कुणी उचलेना. त्या यंत्रापाशी असणार आणि फोन खोलीत. पळत पहिल्या मजल्यावर जाऊन यायचं तर मला एकटं सोडावं लागणार, आणि तोवर मी दाराआड गेलेलो असणार. ती जागची हलली नाही. दोघांनी मला खाकोटीत धरून गाडीवर घेतलं. आयुष्यभर मी जे काही फेकलं ते लोकांनी वेचून घरी नेलं, आणि आज मीठमिरची न लावलेलं खरं बोलतोय तर घ्यायला कुणी तयार नाही. गाडी दाराकडे वळली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चुकीचं हत्यार वापरतोय.

"मी सकाळी खाल्लंय," मी म्हटलं.

गाडी थांबली.

"काय?" सिस्टर म्हणाली.

"भूक लागली होती. बिस्किटं खाल्ली."

पोटात काही असलं तर भूल देत नाहीत, हे त्या मजल्यावर झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. सिस्टर माझ्या तोंडाजवळ वाकली, वास घेतल्यासारखं केलं. तिला पटलं नव्हतं. पटावं असं माझं नावही नव्हतं. तिनं मान वळवून माझ्या बायकोला विचारलं, "ताई, यांनी खाल्लंय?"

तेवीस वर्षं त्या खिडकीवर बसलेली बाई. जिनं कधी शेजारणीला फोनवर 'मी घरी नाही' असंसुद्धा सांगितलं नाही. आमच्या लेकीच्या लग्नात वराकडच्यांनी विचारलं, मुलगी चिडकी आहे का, तर सगळ्यांदेखत 'आहे' म्हणाली. लग्न मोडता मोडता राहिलं. मी गाडीवर आडवा, छताकडे बघत, आणि मला कळून चुकलं की मी चुकीच्या साक्षीदारावर भिस्त ठेवलीय.

ती पर्स घट्ट धरून उभी. सिस्टरनं पुन्हा विचारलं.

"सहा," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. "सहा बिस्किटं. माझ्यासमोर. मीच दिली."

"रात्रीपासून काही द्यायचं नाही, सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. चुकलं माझं."

सिस्टरनं पेन यादीवर आपटलं. आत जाऊन सर्जनना सांगितलं. ते दारापर्यंत आले, बोटांनी हवा कापत, आणि आम्हा दोघांना बरंच काही गोड आवाजात सुनावलं. दुपारी तीनला घेऊ म्हणाले, तोवर पाणीसुद्धा नाही. मला परत खाटेवर टाकलं आणि हिला बजावलं, "तुम्ही यांच्यापासून चार हात लांब बसा."

ती लांब बसली. कान लाल झालेले. मी तिच्याकडे बघून हसायला लागलो तर तिनं मान फिरवली.

साडेदहाला पिपेट धावत आला. चप्पल एका पायातली निसटलेली, हातात कागद. मागून मोठ्या बाई. त्यांनी कागद आधी मला दाखवला नाही, सर्जनना दाखवला.

"उंदराचं रक्तजल घातलं. दोनशे एकोणीसचा दीड झाला."

सर्जननी कागद घेतला, उलटा करून मागची बाजूही बघितली. "मशीन नीट आहे ना?"

"आता आहे."

"आणि तो दाणा? मी बघितला तो?"

"तुम्हीच म्हणाला होतात, सावली असेल. तीन महिन्यांनी पुन्हा बघा. तोवर माझ्या माणसाला हात लावायचा नाही."

त्यांनी यादीतलं माझं नाव स्वतः खोडलं. पिपेट माझ्या खाटेशी आला, घुटमळला. "मामा, मला वाटलं होतं तुम्हीच नळी बदललीत."

"मला वाटलं होतं तू."

"निरोगी माणसांच्या यादीतून तुम्हाला काढतोय."

"काढ. मी कधी म्हटलं होतं मी निरोगी?"

ते सगळे गेले. खाटेपाशी ही आणि मी. तिनं हातपिशवी उघडली, आतून बिस्किटांचा पुडा काढला, न फोडलेला. कडेवरून नीट फाडला आणि एकेक करून माझ्या तळहातावर ठेवत गेली. सहा झाल्यावर थांबली.

"अगं, चहाबरोबर खातो. तो येईल आता."

"आत्ता खा," ती म्हणाली. "माझ्या तोंडून गेलंय ते आधी खरं करून टाका."

मी खाल्ली. चौथ्याला घशात कोरडं पडलं, पाणी मागितलं तर दिलं, पण नजर हटवली नाही. सहावं संपल्यावर तिनं माझं तोंड उघडायला लावून आत बघितलं आणि मगच पुडा पिशवीत ठेवला.